वसाहतकालीन अमेरिकी पूर्वजाचा माग : नाशिकमध्ये बसून कागद कसे शोधावेत

रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे गेलेल्या माणसाला आधी नाव विचारत नाहीत, मूळ गाव विचारतात. गाव कळले की आडनाव, आणि आडनाव कळले की कापडात बांधलेल्या लांबट वह्यांतून नेमकी एक वही निघते व तिच्यात आजोबांची सही सापडते. तीन वर्षांपूर्वी मुलगा, सून आणि नात अमेरिकेहून आले, तेव्हा पंचवटीतील आमच्या गुरुजींनी नातीचे नाव घराण्याच्या पानावर चढवले आणि सहज विचारले, "सूनबाईंचे माहेर कुठले?" सूनबाई मॅसॅच्युसेट्सच्या. आपले घराणे इंग्रजांच्या वसाहतीच्या काळापासून तिथलेच आहे, एवढे त्यांनी आजीकडून ऐकले होते. त्यापुढे गाव, पिढी, कागद यांतले काहीही त्यांना सांगता आले नाही. माझी तीस वर्षांची नोकरी जमिनीच्या कागदपत्रांत गेली असल्यामुळे हे काम मी अंगावर घेतले. ज्यांची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत आणि ज्यांच्या नातवंडांचे आजोळ अमेरिकी आहे अशी घरे नाशिकमध्ये आता थोडी नाहीत, म्हणून कामाची रीत येथे सविस्तर लिहीत आहे.

वसाहतकाळ म्हणजे ढोबळमानाने १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउन वसले तेव्हापासून १७७६ च्या स्वातंत्र्याच्या घोषणेपर्यंतचा काळ. या काळातील पूर्वज शोधायचा तर शोधाची सुरुवात त्या काळापासून करायची नसते. 'मेफ्लॉवर' जहाजातून १६२० मध्ये आलेल्या १०२ प्रवाशांपैकी कोणाचे आडनाव आपल्या आडनावाशी जुळते हे पाहून तेथून खाली उतरू लागणारा माणूस हमखास दुसऱ्याच्या घरात शिरतो. सातबाऱ्यावरचे आजचे नाव खरे की खोटे हे ठरवताना आपण फेरफार क्रमांक धरून एकेक नोंद मागे जातो, मधली एक वारसनोंद सापडली नाही तर तेथेच थांबतो. येथेही तसेच करावे लागते. नातीला क्रमांक १ द्यावा, तिच्या वडिलांना २ आणि आईला ३. कोणाच्याही वडिलांचा क्रमांक त्याच्या क्रमांकाच्या दुप्पट आणि आईचा दुप्पट अधिक एक. म्हणजे आमच्या सूनबाई ३, त्यांचे वडील ६, त्यांचे वडील १२. ही पद्धत तिकडे सर्वत्र चालते आणि कोणत्या जोडणीला कोणता कागद आहे हे वहीत लिहिताना तिच्यामुळे गोंधळ होत नाही.

पहिल्या पाच-सहा पिढ्या खानेसुमारीच्या आधारे झपाट्याने मिळतात. अमेरिकेची खानेसुमारी दर दहा वर्षांनी होते आणि तिचे नाववार तक्ते ७२ वर्षांनी खुले होतात. १९५० चे तक्ते एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले. त्यात सूनबाईंचे आजोबा लहान मुलगा म्हणून सापडले आणि तेथून मागे जाता आले. १८९० चे बहुतेक तक्ते आगीमुळे गेले, तो खड्डा ओलांडावा लागतो. १८८० मध्ये प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिलेले आहे. १८५० मध्ये नाते नाही, पण घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव आहे. त्याआधी, १७९० च्या पहिल्या खानेसुमारीपासून १८४० पर्यंत, फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांचे निव्वळ आकडे आहेत. 'स्वतंत्र' हा शब्द येथे मुद्दाम वापरला, कारण ज्यांचे पूर्वज गुलामगिरीत होते त्यांपैकी बहुतेकांची नावे पहिल्यांदा १८७० च्या तक्त्यात येतात आणि त्यांचा शोध मालकांच्या मृत्युपत्रांतून व मिळकतीच्या याद्यांतून करावा लागतो. ते काम फार अवघड आणि वाचवत नाही असे आहे.

थोडक्यात, १८५० ला एक भिंत लागते. ती ओलांडायला स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे कागद फार उपयोगी पडतात. १८१८ आणि १८३२ च्या कायद्यांनी वृद्ध सैनिकांना व पुढे त्यांच्या विधवांना वेतन मिळू लागले. ते मिळवण्यासाठी म्हाताऱ्याने न्यायालयात जाऊन आपला जन्म कोठे झाला, कोणत्या तुकडीत लढलो, नंतर कोणकोणत्या गावी राहिलो हे शपथेवर सांगितले आहे. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दुसरा पुरावा नसलेल्या विधवांनी घरच्या बायबलमधील जन्ममृत्यूची पाने फाडून अर्जाला जोडली. ती पाने आजही त्या फायलींत आहेत. सूनबाईंच्या सहाव्या पिढीचा दुवा मला अशाच एका अर्जात मिळाला. अर्जदाराने आपला जन्म मॅसॅच्युसेट्समधील इप्सविच गावचा सांगितला होता आणि त्या एका शब्दाने पुढचा सगळा शोध मार्गी लागला.

कारण गाव कळल्याशिवाय तिकडेही वही निघत नाही. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ईशान्येकडील वसाहतींत, जन्म-विवाह-मृत्यू यांची नोंद गावाच्या म्हणजे 'टाउन'च्या कारकुनाकडे असे. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३९ पासून तसा कायदाच होता. जमिनीचे दस्त आणि मृत्युपत्रे मात्र 'काउंटी'कडे, म्हणजे साधारणपणे आपल्या जिल्ह्याकडे, असत. कनेक्टिकट व ऱ्होड आयलंड येथे जमिनीचे दस्तही गावातच राहिले. दक्षिणेत गावांपेक्षा काउंटी आणि अँग्लिकन चर्चचा परगणा महत्त्वाचा. तेथे जन्ममृत्यूच्या नोंदी तुटपुंज्या आहेत, आणि व्हर्जिनियातील काही काउंट्यांचे कागद यादवी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला नेले तेच १८६५ च्या आगीत जळाले. पेनसिल्व्हेनियात पूर्वज क्वेकर पंथाचे असतील तर त्यांच्या मासिक सभांच्या वह्या पाहाव्यात.

काउंट्यांच्या सीमाही बदलत गेल्या आहेत, हे विसरून चालत नाही. मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर काउंटी १७३१ मध्ये शेजारच्या काउंट्यांचे तुकडे जोडून झाली, तेव्हा त्या भागातील १७२५ चा दस्त वुस्टरच्या कचेरीत शोधणे व्यर्थ आहे. नाशिककरांना हे समजावून सांगायला नको. आपला जिल्हाच १८६९ मध्ये अहमदनगर आणि खानदेशातील तालुके घेऊन बनला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांसाठी जुन्या जिल्ह्यांची दप्तरे पाहावी लागतात.

हे सर्व घरबसल्या कोठे पाहायचे? बहुतांश 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर, आणि तेही फुकट. यूटामधील लॅटर-डे सेंट्स चर्चच्या वंशावळ संस्थेने १९३८ पासून जगभरच्या नोंदींचे मायक्रोफिल्म काढले. आपल्याकडच्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांत आहेत. काही चित्रे केवळ त्यांच्या केंद्रांतूनच दिसतात, पण मॅसॅच्युसेट्सचे दस्त आणि 'प्रोबेट'चे, म्हणजे मृत्युपत्र व वारसा-वाटणीचे, कागद मोठ्या प्रमाणावर घरून दिसतात. २०२४ पासून तेथे हस्तलिखित मजकुरातले शब्द यंत्राने वाचून शोधण्याची सोय झाली आहे. साक्षीदार किंवा शेजारी म्हणून आलेले नाव निर्देशसूचीत कधीच नसते, ते या सोयीमुळे हाती लागते. यंत्र चुकीचे वाचते, म्हणून मूळ चित्र उघडून पाहिल्याशिवाय काहीही वहीत उतरवू नये. बॉस्टनची १८४५ मध्ये स्थापन झालेली न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी वर्गणी घेते, पण पूर्वज न्यू इंग्लंडचे असतील तर एका वर्षाची वर्गणी वसूल होते. टाउन क्लार्कला ईमेलने एका वेळी एकच प्रश्न विचारावा. आणि फोनच करायचा तर उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसात वाजता तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतात.

आता मृत्युपत्रे आणि जमिनीचे दस्त. माझ्या मते वसाहतकालीन शोधाचा खरा ऐवज येथेच आहे, आणि बहुतेक हौशी लोक याच ठिकाणी कंटाळतात. जन्माची नोंद आई-बापांची नावे सांगते; मृत्युपत्र अख्खे घर दाखवते. माणूस मेल्यावर न्यायालय तीन शेजाऱ्यांना नेमत असे आणि ते घरात जाऊन पंचनामा करीत. सूनबाईंच्या आठव्या पिढीतील पूर्वजाच्या यादीत बैठकीच्या खोलीतील पिसांची गादी, दोन पितळी भांडी, एक जुनी बंदूक, चरखा, दोन बैल, एक गाय आणि "होडीचा अर्धा हिस्सा" असे पौंड-शिलिंगांत मोल लावून लिहिले आहे. होडीचा उरलेला अर्धा हिस्सा कोणाचा, हे शोधताना त्याच्या मेव्हण्याचा कागद मिळाला आणि त्यातून बायकोचे माहेरचे आडनाव कळले. ते तोपर्यंत कोठेच सापडत नव्हते.

विधवेला कायद्याने हयातीपुरता एकतृतीयांश हिस्सा मिळे. त्याची वाटणी वाचताना जुन्या नाशकातील एखाद्या वाड्याची वाटणी वाचतो आहोत असे वाटते : घराचा पूर्वेकडील भाग, तळघराचा तिसरा हिस्सा, विहिरीवर जाण्यायेण्याचा हक्क. मृत्युपत्र नसेल तर मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळत असे, त्यामुळे वाटणीपत्रातील आकड्यांवरून थोरला कोण ते ठरवता येते. चौदा वर्षे पूर्ण झालेले अनाथ मूल आपला पालक स्वतः निवडत असे, तेव्हा 'निवडला' असा शब्द असेल तर मुलाचे किमान वय कळते. पालक नेमला म्हणजे आईसुद्धा वारली असा अर्थ मात्र घेऊ नये. बाप वारला तरी पालक नेमत.

जमिनीच्या दस्तांना दोन सूची असतात, आपल्या भाषेत 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. दोन्ही पाहाव्यात, आणि पूर्वजाच्या मृत्यूनंतर तीस-चाळीस वर्षांपर्यंत पाहाव्यात, कारण दस्त करणे आणि तो नोंदवणे यांत एक पिढी गेलेली मी पाहिली आहे. चतुःसीमा नीट उतरवून घ्याव्यात. जे नाव सतत पूर्वेला किंवा दक्षिणेला येते ते सासऱ्याचे किंवा भावाचे निघण्याचा संभव मोठा असतो. "प्रेम व ममता यांखातर" दिलेली जमीन ही बापाने मुलाला किंवा जावयाला दिलेली असते. जमीन विकताना बायको आपला हक्क सोडत असल्याची ओळ शेवटी येते, आणि कित्येक स्त्रियांचे नाव साऱ्या दप्तरात तेवढ्या एका ओळीतच उरलेले असते.

तारखांच्या बाबतीत सावध राहावे. इंग्रजांच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. शके, फसली आणि इसवी यांचा मेळ घालणाऱ्या मराठी माणसाला यात अवघड काही नाही, पण सवयीने चूक होते. अमेरिकेचा प्रसिद्ध मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याचा जन्म तत्कालीन नोंदीनुसार ६ जानेवारी १७०५ चा. आजच्या पद्धतीने तो १७ जानेवारी १७०६ होतो. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्च या दिवसांतील तारीख १७०५/०६ अशी दोन्ही वर्षे देऊन लिहितात, आणि ती तशीच वहीत उतरवावी. स्वतः हिशेब करून 'सुधारू' नये. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. क्वेकर लोक महिन्यांना नावे न देता क्रमांक देत, आणि १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च होता. त्यांच्या 'अकराव्या महिन्या'त जन्मलेले मूल जानेवारीचे. थडग्याच्या दगडावर "वयाच्या ६३ व्या वर्षी" असे कोरलेले असेल तर त्रेसष्टावे लागले होते असे समजावे. पूर्ण झालेली वर्षे बासष्टच.

अक्षराची भीती बाळगू नये. मोडी वाचणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसलेली आणि लेखणी न उचलता काढलेली अक्षरे वाचायची सवय असते. सतराव्या शतकातील इंग्रजी कारकुनी अक्षरही आठ-दहा पाने गिरवली की वश होते. सुरुवातीच्या मोठ्या 'एफ'ऐवजी दोन लहान 'एफ' काढत, लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसे, 'यू' आणि 'व्ही' एकमेकांच्या जागी येत. आडनावाचे स्पेलिंग एकाच दस्तात तीन प्रकारांनी आलेले असते, म्हणून 'आमचे स्पेलिंग वेगळे, ते घराणे आमचे नव्हे' हा युक्तिवाद त्या काळाला लागू करता येत नाही.

नात्यांच्या शब्दांनी मात्र मला चांगलेच फसवले. सूनबाईंच्या आत्याने टंकलिखित वंशावळ पाठवली होती; तिच्यात एकाच नावाचे दोघे जण 'सीनियर' आणि 'ज्युनियर' म्हणून बापलेक दाखवले होते. ते गृहीत धरून मी चार महिने मागे मागे गेलो आणि थोरल्याच्या वर आणखी तीन पिढ्या रचल्या. पुढे त्या थोरल्याचे मृत्युपत्र इप्सविच ज्या काउंटीत येते त्या एसेक्स काउंटीच्या कागदांत मिळाले. त्याने घरदार "माझे एकुलते हयात अपत्य" असलेल्या मुलीला दिले होते आणि नदीकाठचे एक कुरण "माझा कझिन" असलेल्या त्याच नावाच्या माणसाला. त्या काळी 'कझिन' हा शब्द पुतण्या-भाच्यालाही वापरत, आणि 'सीनियर-ज्युनियर' म्हणजे गावातील एकाच नावाचे थोरला आणि धाकटा, एवढेच. थोरला वारला की धाकटाच 'सीनियर' होई. थोरला बाप नसून चुलता होता. त्याच्या आधीच्या पिढ्या चुलत्यालाही त्याच होत्या, म्हणून सगळे वाया गेले नाही. पण खरा बाप कोण ते नव्याने शोधावे लागले आणि वहीतील एका नावावर लाल रेघ मारून बाजूला तारीख व सही करावी लागली. नोकरीत दुसऱ्यांच्या नोंदी रद्द करताना हात कधी अडखळला नव्हता.

त्याचप्रमाणे 'सन-इन-लॉ' म्हणजे जावई किंवा सावत्र मुलगा, काहीही असू शकते. "माझी सध्याची पत्नी" या कायदेशीर शब्दप्रयोगावरून आधीची पत्नी होती असे ठरत नाही. 'मिसेस' हा मानाचा शब्द अविवाहित स्त्रीलाही लावत. आणि एकाच आई-बापांच्या पोटी एकाच नावाच्या दोन मुलांचा बाप्तिस्मा दिसला तर पहिले दगावले व त्याचे नाव पुढच्याला ठेवले असे समजून मृत्यूची नोंद शोधावी. दुसरा तुमचा पूर्वज आणि जन्मतारीख पहिल्याची, असा घोळ छापील ग्रंथांतही मुबलक आहे.

छापील ग्रंथांविषयी एवढेच सांगतो की ते वाटाड्या म्हणून वापरावेत, पुरावा म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कुळाचा अभिमान भलताच वाढला. 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' ही स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्यांच्या वंशज स्त्रियांची संस्था १८९० ची. त्याच लाटेत गुस्ताव्ह आंजू नावाच्या गृहस्थाने श्रीमंत गिऱ्हाइकांना खोट्या वंशावळी विकल्या. त्याने खऱ्या मृत्युपत्रांत खोटी नावे अशी बेमालूम मिसळली की त्या वंशावळी आजही संगणकावरील कुटुंबवृक्षांत उतरत आहेत. कोणत्याही वृक्षात राजघराणे दिसू लागले की पाणी पिऊन पुन्हा पहिल्यापासून कागद तपासावेत. डीएनए चाचणीचाही आठ-नऊ पिढ्यांमागे आधार विरळ होतो. आठव्या पिढीमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी १/२५६ एवढाच येतो, आणि कधी कधी काहीच येत नाही.

शेवटी समुद्र लागतो. अमेरिकेत येणाऱ्या जहाजांच्या प्रवासी याद्या सरकारने पद्धतशीरपणे ठेवायला १८२० मध्ये सुरुवात केली. त्याआधीचा अपवाद म्हणजे फिलाडेल्फियाला उतरलेल्या जर्मनांकडून १७२७ पासून घेतलेल्या शपथांच्या याद्या. १६२० ते १६४० या वीस वर्षांत सुमारे वीस हजार माणसे इंग्लंडहून न्यू इंग्लंडला आली आणि त्यांतील पुष्कळांचे इंग्लंडमधील गाव आजही सिद्ध झालेले नाही. इंग्लंडमध्ये चर्चच्या नोंदवह्या १५३८ च्या हुकमाने सुरू झाल्या. त्यांत नाव जुळणारा बाप्तिस्मा सापडणे सोपे, पण तो माणूस मोठा होऊन तिकडेच मेला-पुरला नाही ना, हे पाहणे आवश्यक असते.

फ्रँकलिन स्वतः १७५८ मध्ये मुलाला घेऊन वडिलांच्या गावी, नॉर्थहॅम्प्टनशायरमधील एक्टनला गेला, तेव्हा त्याने चर्चची वही उघडली आणि आपल्या घराण्याच्या नोंदी त्याला १५५५ पासूनच्या मिळाल्या. त्याआधीची वहीच तेथे नव्हती. चर्चच्या आवारातील घराण्याच्या थडग्यांवर शेवाळ इतके चढले होते की अक्षर वाचता येईना. पाद्र्याच्या बायकोने घट्ट केसांचा ब्रश आणि पाणी आणवले, फ्रँकलिनच्या पीटर या गुलामाने दगड घासून स्वच्छ केले आणि मुलाने मजकूर उतरवून घेतला. आज हा प्रकार करू नये. पातळ जुन्या दगडाचे पापुद्रे निघतात. तिरक्या उन्हात फोटो काढावा, किंवा आरशाने बाजूने उजेड पाडावा.

गेल्या दिवाळीत सगळे पुन्हा नाशिकला आले. गुरुजींना मी नऊ पिढ्यांची नावे आणि प्रत्येकीमागचा कागद लिहून दिला. त्यांनी नातीच्या नोंदीशेजारी सुवाच्य अक्षरात 'आजोळ : इप्सविच, मॅसॅच्युसेट्स' असे लिहिले आणि विचारले, "आणि त्याच्या आधी?" मी म्हटले, इंग्लंड, गावाचा कागद मिळालेला नाही. "मग जागा सोडतो," असे म्हणून त्यांनी दोन बोटे कोरी जागा सोडली आणि वही कापडात बांधली.